आईची फील्ड टेस्ट सहा महिन्यांत एवढी कशी बिघडली? (काचबिंदू)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, सांगलीजवळ गावाकडे असते. तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. रात्री झोपताना एक थेंब चालू आहे आणि तो ती कधीच चुकवत नाही. कॅलेंडरवर रोज टिक मारते, अगदी दुधाच्या हिशेबासारखी. डोळ्याचा दाब १६-१७ च्या आसपास स्थिर आहे.

मागच्या आठवड्यात नेहमीची फील्ड टेस्ट झाली (यंत्राच्या पांढऱ्या अर्धगोलात बघायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं; त्यावरून कुठे किती दिसतं ते मोजतात). डाव्या डोळ्याचा 'एमडी' नावाचा आकडा (वयाच्या मानाने नजर एकूण किती कमी, ते डेसिबलमध्ये; शून्याच्या जितका खाली तितका वाईट) सहा महिन्यांपूर्वी −४.१ होता, आता −७.८ आला. डॉक्टर म्हणाले, झपाट्याने वाढतोय, ऑपरेशनचा विचार करून ठेवा. तेव्हापासून आई गप्प आहे. म्हणते, "मला ठिपके दिसतच नव्हते गं, नापास झाले मी."

माझा प्रश्न साधा आहे. दाब तोच, थेंब तोच, घरात तिला फरक जाणवत नाही. मग ही टेस्ट एवढी कशी घसरली? टेस्टच चुकू शकते का? की मी मनाची समजूत काढतेय?

बटणवीर
आईंना आधी हे सांगा की या परीक्षेत कुणी पास होत नाही. मी चौदा वर्षं हे बटण दाबतोय. पहिल्या वेळी मलाही घाम फुटला होता. नंतर एका मुलीने नीट समजावलं: यंत्र प्रत्येक जागी ठिपका अंधुक करत करत अशा टोकाला नेतं, जिथे तो निम्म्या वेळा दिसतो आणि निम्म्या वेळा दिसत नाही. तेच टोक त्याला मोजायचं असतं. म्हणजे डोळे ठणठणीत असलेल्या माणसालाही बराच वेळ काही दिसत नाही. हे आधी कुणी सांगत नाही आणि म्हातारी माणसं घाबरतात.

माझा पहिला कागद भन्नाट आला होता. ठिपका दिसो न दिसो, मी बटण दाबत सुटलो होतो. काही ठिकाणी माझी नजर माणसाला शक्य नाही इतकी तेज निघाली. डॉक्टर म्हणाले, "घार आहात का?"

ऑप्टो_ताई
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दिवसाला आठ-दहा फील्ड करते. कृष्णाकाठची, दोन्ही वेळचे कागद जवळ असतील तर एवढं बघून सांगा:

- वरच्या बाजूला २४-२ की ३०-२ (ठिपक्यांची मांडणी) लिहिलंय? त्याखाली टेस्टची पद्धत 'सिटा स्टँडर्ड', 'फास्ट' की 'फास्टर'? दोन्ही वेळी एकच आहे का? फास्टवर आकडा किंचित चांगला दिसायची सवय असते, त्यामुळे स्टँडर्डशी थेट ताडून बघू नये.
- फिक्सेशन लॉस (मधल्या दिव्यावरून नजर ढळणं), फॉल्स पॉझिटिव्ह (न दिसता बटण दाबणं), फॉल्स निगेटिव्ह (दिसायला हवा तो ठिपका सुटणं) किती?
- बाहुलीचा व्यास किती मिलिमीटर?
- 'आरएक्स' असं लिहिलेल्या ओळीत भिंगाचा नंबर काय?
- उजव्या डोळ्याचं काय झालं? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

आणि टेस्ट किती वाजता झाली, त्याआधी आई कुठून कशा आल्या, तेही लिहा. हसू नका, त्यानेही फरक पडतो.

सरळमार्गी
एक शंका. डॉक्टरांनी कागद बघून सांगितलंय ना? मग इथे बसून रिपोर्ट उकरायचा उद्योग कशाला? काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. वेळ घालवू नका एवढंच सांगेन.

बटणवीर
@सरळमार्गी, वेळ घालवू नका हे कबूल. पण डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे बटाटेवडा नाही की चला, घेऊन टाकू. दुसऱ्यांदा मोजायला पंधरा मिनिटं लागतात.

कृष्णाकाठची
कागद काढले. दोन्ही वेळी २४-२, सिटा स्टँडर्ड. डावा डोळा, आताचा: फिक्सेशन लॉस १५ पैकी ४, फॉल्स पॉझिटिव्ह २ टक्के, फॉल्स निगेटिव्ह ९ टक्के. बाहुली ३.४, मागच्या वेळी ३.६. 'आरएक्स'समोर आता +१.२५ आहे, मागच्या वेळी +४.५० होतं. हे काय असतं?

उजव्याचा एमडी −१.९ वरून −५.० झालाय. डॉक्टर डाव्याबद्दलच बोलले म्हणून लिहिलं नव्हतं.

वेळ: सकाळी सहाची एसटी, तिथे नंबर लावला, आधी दाब तपासला, टेस्ट दुपारी अडीचला. मध्ये एक वडापाव.

ऑप्टो_ताई
सापडलं बहुतेक. सावकाश सांगते, कारण हे प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना माहीत असावं असं मला वाटतं.

त्या पांढऱ्या अर्धगोलाचा पडदा डोळ्यापासून ३० सेंटीमीटरवर असतो. पुस्तक आपण साधारण ४० वर धरतो, म्हणजे हा त्याहूनही जवळ. साठीनंतर डोळ्याचं स्वतःचं भिंग जवळचं फोकस करू शकत नाही, म्हणून दूरच्या नंबरात +३.२५ मिळवून तेवढं भिंग डोळ्यापुढे लावतात. आईंचा दूरचा नंबर +१.२५ असणार. त्यात ३.२५ मिळवले की ४.५०, म्हणजे मागच्या वेळी बरोबर लावलं होतं. या वेळी नुसता दूरचा नंबर लावला आणि बेरीज राहून गेली. उजव्या डोळ्यालाही तेच झालं असेल, बघा.

ठिपका असतो जेमतेम अर्ध्या अंशाचा आणि दिसतो सेकंदाचा पाचवा भाग. त्यात तो धूसर झाला, पसरला, की फिकट वाटतो आणि सुटतो. एक डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचं माप) धूसरपणाला साधारण एक डेसिबलपेक्षा थोडं जास्त नुकसान धरतात. आईंना सव्वातीन डायॉप्टर कमी पडले होते. तुमची घट डाव्यात ३.७ आणि उजव्यात ३.१. आता करा हिशेब.

अजून एक खूण. कागदावर खाली ठिपक्या-चौकोनांचे नकाशे असतात. डावीकडचा एकूण घट दाखवतो. उजवीकडचा 'पॅटर्न' नकाशा सगळीकडे सारखी पडलेली घट वजा करून उरलेलं दाखवतो. डावीकडचा या वेळी खूप काळा झालाय आणि उजवीकडचा जवळपास मागच्यासारखाच आहे, असं आहे का?

कृष्णाकाठची
हो!! डावीकडचा भरून काळा झालाय. उजवीकडच्यात मागच्या वेळीही वर उजव्या कोपऱ्यात तीन-चार काळे चौकोन होते, आत्ताही तेच आहेत. आणि हो, उजव्या डोळ्याचं भिंग +१.००, मागच्या वेळी +४.२५.

ऑप्टो_ताई
डाव्या डोळ्याच्या कागदावर नाक उजवीकडे येतं. म्हणजे वरचा, नाकाकडचा कोपरा. काचबिंदूची ही आवडती जागा. ते काळे चौकोन खरे आहेत, ते धरून चाला. बाकीची काळोखी मला भिंगाची वाटते. सगळीकडे सारखी घट मोतीबिंदूनेही येते, पण सहा महिन्यांत दोन्ही डोळ्यांत एवढी आणि नेमकी भिंग बदललेल्या दिवशी? अवघड आहे.

निवृत्त_नेत्र
चाळीस वर्षं हेच काम केलं म्हणून दोन शब्द. ताईंचं निदान पटण्यासारखं आहे, तरी ते तुमच्या डॉक्टरांपुढे कागद ठेवूनच पक्कं करा. भांडायला जाऊ नका. "भिंगाचा नंबर वेगळा दिसतोय, पुन्हा करून घेऊ का?" एवढं विचारलं तरी पुरे. कुठलाही शहाणा डॉक्टर हो म्हणेल. थेंब मात्र एक दिवसही बंद करू नका.

पुन्हा तपासणी मागण्यात काही कमीपणा नाही. अमेरिकेत डोळ्याचा दाब जास्त असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला. त्यात पहिल्यांदा बिघडलेली, आणि तीही विश्वासार्ह म्हणून धरलेली फील्ड्स पुन्हा केली, तर ८५.९ टक्के वेळा तो बिघाड दुसऱ्यांदा दिसलाच नाही. २००० साली हे छापून आलं. ते लोक अजून आजारी नव्हते हे लक्षात घ्या, पण एका कागदावर उडी मारू नये हे तेव्हापासून आम्हाला चांगलंच कळलं.

माझ्या काळात मला सगळ्यात जास्त फसवलं ते पापण्यांनी. वयाने वरची पापणी खाली येते, पेशंट पेंगतो, आणि वरचा सगळा भाग काळा. काचबिंदूही वरूनच सुरू होऊ शकतो, त्यामुळे जाम घोळ. चिकटपट्टीने पापणी उचलून धरली की अर्धा 'काचबिंदू' गायब. दुसरा चोर म्हणजे भिंगाची कडा. भिंग डोळ्यापासून लांब राहिलं किंवा डोकं मागे सरकलं, की कडेचे ठिपके ओळीने जातात.

पेठेतला
कोविडमध्ये माझं याच्या बरोबर उलट झालं होतं, खालचा अर्धा भाग काळा! मास्क वर सरकून भिंगापुढे आला होता, शिवाय श्वासाची वाफ भिंगावर. पुढच्या वेळी मास्कची वरची कडा नाकावर चिकटपट्टीने दाबून बसवली, तर सगळं साफ.

डच_दुधवाला
मी नेदरलँड्समध्ये असतो. इथल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी २०१२ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता: कुणी, केव्हा टेस्ट घेतली याने आकडा हलतो का? १६० पेशंटांचा प्रत्येकी एक डोळा आणि सरासरी नऊ वर्षांहून जास्त काळाच्या टेस्ट. निघालं असं की टेस्ट घेणारा नवखा असेल तर एमडी साधारण ०.२ डेसिबल खाली. दुपारच्या जेवणानंतर केली तरी ०.२ खाली. आणि उन्हाळ्यात किंवा पानगळीत केली तरी तेवढाच खाली!

म्हणजे वामकुक्षी ही पुणेकरांची खोड नसून शास्त्र आहे.

रेघोट्या
मी डॉक्टर नाही, आकडेवाला आहे. डच_दुधवाला, मजा आली, पण ०.२ म्हणजे किती ते बघा. कृष्णाकाठचीच्या आईंची घट ३.७ आहे. वडापाव, एसटी आणि नवखा माणूस हे तिन्ही जोडले तरी ते भगदाड भरत नाही. भिंग भरतं. सगळी कारणं एका मापाची नसतात, नाहीतर लोक उद्यापासून "आईने दुपारी टेस्ट केली म्हणून" असं म्हणून मोकळे होतील.

त्याच अभ्यासातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे बटणवीरांसारखं न दिसता दाबणं, दर १० टक्क्यांनी वाढलं की एमडी १ डेसिबलने *चांगला* दिसतो. हे उलटं आणि जास्त घातक. वाईट कागद आला की आपण घाबरून पुन्हा करतो. खोटा चांगला कागद आला की पेढे वाटतो.

आणि जिथे नजर आधीच गेलीय, त्या जागी आकडा सर्वात जास्त उड्या मारतो. आज १४, पुढच्या वेळी ६, मग ११. निरोगी जागा तशा स्थिर असतात. म्हणून दोन कागदांवर रेघ ओढून उतार काढणं म्हणजे दोन दिवसांच्या पावसावरून पावसाळा सांगणं. नवीन पेशंटच्या पहिल्या दोन वर्षांत सहा फील्ड करावीत अशी तज्ज्ञांची शिफारस आहे ती याचसाठी. आपल्याकडे वर्षाला एक झाली तरी खूप.

बटणवीर
मेलो. म्हणजे माझे पहिले पेढे परत करायचे?

सातबारा
थोडं अवांतर. यंत्र वयाप्रमाणे तुलना करतं म्हणे. मग आपल्याकडच्या १ जूनवाल्यांचं काय? माझ्या वडिलांची, काकांची, सासऱ्यांची, सगळ्यांची जन्मतारीख १ जून. गुरुजींनी पहिलीत घालताना टाकलेली.

ऑप्टो_ताई
@सातबारा 😄 माझ्याकडे अर्धा तालुका १ जूनचा आहे. तारीख चुकीची भरली तर फरक पडतो, पण किरकोळ. वयाने दर दहा वर्षांना साधारण अर्धा ते पाऊण डेसिबल नजर कमी होते. दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे झाली तर ०.२ वगैरे. त्यात गुरुजी बहुधा वय वाढवून लावायचे, म्हणजे कागदावर माणूस जास्त म्हातारा, तुलना सौम्य, आणि रिपोर्ट किंचित *चांगला*. खरी भानगड होते ती १९५७ च्या जागी १९७५ टाइप झालं तर.

मोगरा
मला दुसरी बाजू सांगायचीय. माझ्या मामांची प्रत्येक टेस्ट वाईट यायची आणि प्रत्येक वेळी घरात कारण तयार असायचं. झोप झाली नव्हती, एसी फार गार होता, ती मुलगी हिंदीत बोलत होती. तीन वर्षं असं चाललं. चौथ्या वर्षी ते दुधाच्या गाडीच्या आरशाला खांदा लागून पडले, तेव्हा खालचा भाग गेल्याचं कळलं. दुसऱ्या ठिकाणी दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी जुने सगळे कागद ओळीने टेबलावर मांडले. खालचा तोच काळा पट्टा पहिल्या कागदापासून होता. एसी गार असो की नसो.

निवृत्त_नेत्र
मोगरा, वाईट वाटलं. यासाठीच पुन्हा पुन्हा करायची असते. झोपेचा, थंडीचा, भीतीचा गोंधळ दर वेळी वेगळ्या जागी काळं करतो. काचबिंदू जागा बदलत नाही.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कागद पुन्हा मागवून घेतला, बघून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, फुकट पुन्हा करू." भांडण वगैरे काही नाही. पुढच्या गुरुवारी आहे. आईला काय काय सांगू? ती आत्तापासून घाबरलीय.

ऑप्टो_ताई
सकाळची पहिली वेळ मागा, शक्य असेल तर आदल्या रात्री शहरातच मुक्काम करा. टेस्ट दाब मोजण्याच्या आणि बाहुली मोठी करण्याच्या *आधी* करून घ्या, थेंबांनी बुबुळावर धूसरपणा येतो. नेहमीचा चष्मा आणि नंबराचा कागद बरोबर न्या. स्टुलाची उंची आईंना नीट बसेपर्यंत बदलायला लावा. माझ्याकडे अर्धी माणसं मान ताणून बसतात आणि पाचव्या मिनिटाला हनुवटी पट्टीवरून सरकते.

आईंना दोनच गोष्टी सांगा. मधला पिवळा दिवा सोडायचा नाही, ठिपक्यांच्या मागे नजर पळवायची नाही. आणि पापणी मनसोक्त मिचकवायची. पुष्कळ जण 'ठिपका सुटेल' म्हणून डोळे ताणून ठेवतात, ते कोरडे पडतात आणि मग सगळंच धूसर.

बटणवीर
आणि सर्वात मोठं गुपित: दमायला झालं तर बटण दाबून *धरून ठेवायचं*. आमच्याकडच्या यंत्रावर टेस्ट तिथेच थांबते. सोडलं की पुढे चालू. मला हे आठव्या वर्षी कळलं.

ऑप्टो_ताई
खरंय. बहुतेक ठिकाणी तेच यंत्र असतं, पण सुरू करण्याआधी विचारून घ्या. न विचारता दमून थांबलं तर काय होतं, तेही सांगते. यंत्र आधी चारही भागांतला एकेक ठिपका मोजतं आणि मग आजूबाजूला पसरतं. पेशंट सुरुवातीलाच कंटाळला, तर फक्त त्या चार जागा उजळ राहतात आणि कागदावर चार पाकळ्यांचं फूल उमटतं. ते फूल दिसलं की मी कागद फाईलला लावतच नाही, चहा पाजून पुन्हा बसवते.

सरळमार्गी
कृष्णाकाठची, मी आधी जरा कडक बोललो. गुरुवारी काय झालं ते नक्की लिहा.

कृष्णाकाठची
लिहितेय उशिरा, माफ करा. बुधवारी रात्री मावशीकडे राहिलो. सकाळी साडेनऊला टेस्ट. या वेळी वेगळी ताई होती, तिने आईला मराठीत सगळं सांगितलं आणि एक मिनिट नुसती सरावाला दिली. भिंग मी स्वतः विचारलं. आईने दोनदा बटण धरून ठेवलं आणि बाहेर येऊन मला तेच आधी सांगितलं, जसं काही चोरी करून आली.

डावा −४.५, उजवा −२.२.

वरच्या कोपऱ्यातले चार चौकोन तसेच आहेत. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं आत्ता काही नाही, पण ते चौकोन सोडून देता येणार नाहीत. चार महिन्यांनी पुन्हा फील्ड, याच वेळेला, याच प्रकारची. थेंब तोच. डोळ्याच्या नसेचा स्कॅनही काढला, तो मागच्याशी जुळतोय.

आईने फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय: डावा +४.५०, उजवा +४.२५.

ऑप्टो_ताई
झकास! फक्त ते पेनाने लिहिलं असेल तर खोडून पेन्सिलीने लिहायला सांगा. चष्म्याचा नंबर बदलला किंवा पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर ते आकडेही बदलतील. बेरीज त्या दिवशीच्या नंबरात करायची.